उच्च रक्तदाब आणि दृष्टीचे आरोग्य

उच्च रक्तदाब हा बहुधा कोणतीही पूर्वसूचना न देणारा विकार आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ वर्षांवरील सुमारे २१ टक्के स्त्रिया व २४ टक्के पुरुष यांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यासाठी औषधे घेत होते. हृदय, मेंदू व मूत्रपिंडे यांवरील त्याचे दुष्परिणाम सर्वपरिचित आहेत. डोळ्यांकडे मात्र दुर्लक्ष होते.

दृष्टिपटलावरील खुणा

शरीरातील सूक्ष्म रक्तवाहिन्या शस्त्रक्रियेविना प्रत्यक्ष पाहता येतात, त्या डोळ्याच्या मागील पडद्यावर, म्हणजेच दृष्टिपटलावर. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये नेत्रदर्शक उपकरण जगापुढे आणल्यानंतर हे शक्य झाले. दाब वाढताच धमनिका आकुंचन पावतात. तो दीर्घकाळ टिकल्यास त्यांच्या भिंती जाड होतात आणि धमनिका जेथे शिरेला ओलांडते तेथे शीर दबते. पुढे रक्तस्राव व कापसासारखे पांढरे डाग दिसतात. अखेरीस दृष्टिचेतेच्या मुखाशी सूज येते. शिरेतील प्रवाह अडल्यास दृष्टी एकाएकी अधू होऊ शकते.

कीथ, वॅगनर व बार्कर यांनी १९३९ मध्ये या बदलांचे चार गट पाडले. प्रभावी औषधे नसलेल्या त्या काळात पहिल्या गटातील ७० टक्के, तर चौथ्या गटातील केवळ ६ टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. थोडक्यात, दृष्टिपटल केवळ दृष्टीचेच नव्हे, तर आयुर्मानाचेही निदर्शक ठरले.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. काचबिंदूच्या तपासणीत मोजला जाणारा डोळ्यातील दाब आणि रक्तदाब या भिन्न बाबी आहेत. एक प्राकृत असला तरी दुसरा वाढलेला असू शकतो.

मंडी मोहल्ल्यातील नोंदी

रक्तवाहिन्यांच्या विकारांची मुळे बरीच आधी रुजतात. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातील होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात १९३४ पासूनच्या जन्मनोंदी जतन झाल्या होत्या. त्यांच्या आधारे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मतः कमी वजन असलेल्यांमध्ये प्रौढ वयात हृदयधमनीविकाराचे प्रमाण अधिक आढळले. म्हणजेच मातेचे पोषण हाही या प्रश्नाचा एक भाग आहे.

दोन कार्यक्रमांची सांगड

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. त्याचा भर प्रामुख्याने मोतीबिंदूवर राहिला. असंसर्गजन्य आजारांचा कार्यक्रम २०१० मध्ये आला. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा हे जिल्हे होते. या दोन्ही प्रयत्नांची सांगड घालणे आवश्यक आहे. चष्म्याच्या तपासणीस आलेल्या प्रौढाचा रक्तदाब मोजावा आणि रक्तदाबाच्या रुग्णाचे, विशेषतः मधुमेहही असल्यास, दृष्टिपटल तपासावे. रक्तदाब वेळीच आटोक्यात आल्यास दृष्टिपटलावरील अनेक बदल ओसरतात. मात्र भिंतींचे जाड होणे सहसा मागे फिरत नाही. म्हणूनच दृष्टी मंदावण्याची वाट पाहणे म्हणजे उपचाराची योग्य वेळ दवडणे होय.