रोल परत आला, आता निगेटिव्ह शोधू या

जून २०२४ मध्ये पेंटॅक्सनं ‘पेंटॅक्स १७’ हा नवाकोरा कॅमेरा बाजारात आणला. त्यात मेमरी कार्ड नाही, पाठीमागं स्क्रीन नाही. रोल टाकायचा, अंगठ्यानं फिल्म पुढं सरकवायची आणि फोटो काढायचा. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा फिल्मचा जमाना संपला असंच सगळ्यांनी धरलं होतं. त्याच कोडॅकनं २०१८ मध्ये बंद पडलेली एक्टाक्रोम पुन्हा विकायला काढली. २०२३ च्या अखेरीस इंग्लंडच्या हारमन कंपनीनं ‘फिनिक्स’ ही नवी रंगीत फिल्म आणली. आज मुंबई-पुण्यातली विशी-पंचविशीतली मुलं हजाराच्या घरातला रोल विकत घेतात आणि त्यातले ३६ फोटो पुरवून पुरवून काढतात.

यवतमाळ जिल्ह्यात या बातमीला आणखी एक अर्थ आहे. इथं फिल्मवर कितीतरी जणांची रोजीरोटी चालली. यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड, दिग्रस, दारव्हा, पांढरकवडा यांपैकी कोणत्याही गावाच्या जुन्या बाजारओळीत फोटो स्टुडिओ असायचाच. पुढच्या खोलीत रंगवलेला पडदा, एक स्टूल आणि दोन दिवे. मागं काळा पडदा लावलेली डार्करूम. कॅमेरा बहुधा यशिकाचा, दोन लेन्सचा. त्यात १२० चा रोल बसायचा आणि १२ चौकोनी फोटो निघायचे. घरच्या हौशी माणसाकडे बडोद्यात तयार होणारा आगफा क्लिक थ्री असे. त्यात बाहेर ऊन आहे की ढग आहेत, एवढंच ठरवायचं. फिल्मही देशात बनत होती. ऊटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली, १९६७ पासून तिथं उत्पादन सुरू झालं आणि ‘इंदू’ हे तिचं नाव स्टुडिओवाल्यांच्या तोंडी बसलं. तो कारखाना आता बंद आहे.

हेच स्टुडिओवाले रात्री कॅमेरा आणि फ्लॅशगन घेऊन कार्यक्रमांना जात. गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा, भीमजयंतीची गायनपार्टी, भजनी मंडळांची स्पर्धा, लग्नाच्या वरातीतला बँड, उरुसातली कव्वाली. या जिल्ह्याच्या गाण्याबजावण्याचा मोठा भाग कुणी ध्वनिमुद्रित केला नाही. त्याचा पुरावा उरला असेल तर तो निगेटिव्हवर. कॅमेरे परत आले याचा आनंद मला आहेच, पण त्यांच्यामागोमाग ही निगेटिव्ह बाहेर आली नाहीत तर हे पुनरागमन अर्धवट राहील असं माझं ठाम मत आहे.

मोजक्या फ्रेम

संगीताचे जे फोटो जगभर पोचले, ते कसे काढले गेले हे पाहिलं की निगेटिव्हची किंमत कळते.

१८ जून १९६७, कॅलिफोर्नियातला माँटेरी महोत्सव. दुपारी पंडित रविशंकर वाजवून गेले होते, साथीला उस्ताद अल्लारखाँ. रात्री त्याच मंचावर जिमी हेंड्रिक्सनं आपली गिटार पेटवली. मंचाच्या कडेशी खुर्चीवर एक १७ वर्षांचा शाळकरी मुलगा उभा होता, एड कॅरेफ. आगीची धग इतकी जवळ होती की त्यानं कॅमेराच तोंडासमोर ढालीसारखा धरला. त्या क्षणांचे त्याच्याकडे चार कृष्णधवल फोटो आहेत. गुडघ्यांवर बसून, दोन्ही हात वर उचलून ज्वाळेकडे पाहणारा हेंड्रिक्स त्यांतलाच.

दोन वर्षांनी, ८ ऑगस्ट १९६९ ला, लंडनच्या अ‍ॅबी रोडवर पोलिसानं वाहतूक थांबवून धरली होती. इयन मॅकमिलन शिडीवर चढला आणि बीटल्सचे चौघे रस्ता ओलांडत असताना त्यानं सहा फ्रेम घेतल्या. काम दहाएक मिनिटांत संपलं. सहांतली एक फ्रेम अल्बमचं मुखपृष्ठ झाली.

सप्टेंबर १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये ‘द क्लॅश’चा पॉल सिमोनन आपली बेस गिटार मंचावर आपटत होता, तेव्हा पेनी स्मिथनं खटका दाबला. फोकस हुकला होता आणि तिला तो फोटो वापरायला नको होता. गायक जो स्ट्रमर ऐकेना. त्या वर्षीच्या डिसेंबरात तो ‘लंडन कॉलिंग’च्या मुखपृष्ठावर आला. पुढं २००२ मध्ये ब्रिटनच्या ‘क्यू’ मासिकानं त्याला रॉक संगीतातला सर्वोत्तम फोटो ठरवलं. फोटो काढताक्षणी स्क्रीनवर दिसला असता तर तो तिथंच पुसला गेला असता. निगेटिव्ह होतं म्हणून तो टिकला.

आपल्याकडच्या मैफलीतही हेच कसब लागतं. १९५३ पासून पुण्यात भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवात सतीश पाकणीकर यांनी १९८० च्या दशकापासून गायक-वादकांची जी कृष्णधवल प्रकाशचित्रं टिपली, ती गाण्याचा कान असलेल्या माणसाची आहेत. मंचावरच्या उजेडात ४०० आयएसओच्या फिल्मवर शटर फार वेगानं चालवता येत नाही. हात हलला, मान वळली की फोटो हलतो. मग थांबायचं कुठं? समेवर. तान संपून गवई समेवर येतो तेव्हा हात क्षणभर ठरतो, डोळे मिटतात किंवा तबलजीकडे वळतात, चेहरा मोकळा होतो. सम कुठं येणार हे ज्याला आधी कळतं, त्यालाच तो क्षण मिळतो. ३६ फ्रेमांची मर्यादा फोटोग्राफरला ऐकायला लावते.

खंजिरी आणि किकरी

विदर्भात संगीताचं सगळ्यात ओळखीचं चित्र कोणतं? माझं उत्तर: खंजिरी हाती घेतलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेले आणि १९६८ साली मोझरीच्या गुरुकुंजात देह ठेवलेले महाराज पूर्णपणे फिल्मच्या काळातले. भगवं मुंडासं, उंचावलेला हात आणि खंजिरी हे रूप यवतमाळ जिल्ह्यातल्या देव्हाऱ्यांत, ग्रामपंचायतींत, शाळांत लागलेलं दिसतं. मूळ एखाद्या निगेटिव्हवरून प्रत, प्रतीवरून छपाई, छपाईवरून रंगवलेली तसबीर असा त्याचा प्रवास झाला. बाहेर रॉकच्या पोस्टरांनी जे केलं, तेच काम इथं भजनाच्या तसबिरींनी अधिक भक्तिभावानं केलं. सूर ऐकू येत नसतानाही त्यांनी सूर घरात ठेवला.

दुसरं उदाहरण पेनगंगेच्या पलीकडचं. जिल्ह्याच्या दक्षिणेला नदी ओलांडली की आदिलाबाद. १९४० मध्ये जोडेघाटला कोमुरम भीम यांचा उठाव निजामाच्या राजवटीनं चिरडला. त्यानंतर आदिवासींच्या प्रश्नांचा अभ्यास करायला ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ तिथं आले. मारलावाई गावात ते पत्नी बेटी यांच्यासह राहिले आणि गोंड, कोलाम, परधान यांच्या जगण्याचे असंख्य फोटो त्यांनी फिल्मवर काढले. गोंडांचे परंपरागत गायक म्हणजे परधान. किकरी हे तंतुवाद्य वाजवत ते देवांच्या आणि कुळांच्या कथा गातात. दिवाळीच्या सुमारास निघणारी दंडार, ढोल, मोरपिसांचे शिरपेच हे सगळं त्या काळच्या फिल्मवर राहिलं. हा संग्रह लंडनच्या सोआस या विद्यापीठ संस्थेत आहे आणि इंटरनेटवर पाहता येतो.

झरी जामणी, केळापूर, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांतले कोलाम आणि गोंड त्याच समाजाचे, नदीच्या अलीकडचे. पलीकडच्या वाद्यांचे १९४० च्या दशकातले फोटो लंडनमध्ये नीट नोंदवून, तपमान राखून ठेवलेले आहेत. नदीच्या अलीकडे जे फोटो निघाले, ते कुठल्या कपाटात असतील त्या कपाटात आहेत.

माठाचं पाणी, २० अंश

फिल्म धुण्याची कला बंद पडलेली नाही. ती घरच्या घरी करता येते, आणि विदर्भात करायची तर हवामानाशी जमवून घ्यावं लागतं.

पहिली पायरी पूर्ण अंधारातली. रोल उघडून फिल्म प्लॅस्टिकच्या चक्रीत भरायची. चक्री जराही ओली असेल किंवा बोटांना घाम असेल तर फिल्म अडकते, पुढं सरकतच नाही. म्हणून जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत चक्री आधी पंख्याखाली खडखडीत वाळवायची. फिल्म टाकीत गेली, झाकण लागलं की बाकी काम उजेडात.

मग डेव्हलपर. कोडॅकचं डी-७६ हे सूत्र शंभरीला आलं आहे आणि आजही चालतं. एक लिटर पाण्याला २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, २ ग्रॅम बोरॅक्स. मेटॉल सल्फाइटच्या दाट द्रावणात नीट विरघळत नाही, म्हणून चिमूटभर सल्फाइट टाकून लगेच मेटॉल घालायचं आणि मग बाकीचं. मेटॉलनं काहींच्या कातडीला खाज सुटते, तेव्हा हातमोजे हवेतच. ही रसायनं प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात. फिक्सरसाठी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट.

खरी कसोटी तपमानाची. पुस्तकी वेळा २० अंश सेल्सिअसच्या. इल्फर्डच्या एचपी-५ फिल्मला डी-७६ च्या जातीच्या डेव्हलपरमध्ये २० अंशांवर साडेसात मिनिटं लागतात, तर २४ अंशांवर पाच-साडेपाच पुरतात. मे महिन्यात यवतमाळच्या छतावरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. इतक्या गरम द्रावणात फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगतो, मऊ पडतो, नख लागलं तरी सोलून निघतो. उपाय साधा आहे: रात्री काम करायचं, पाणी माठातलं घ्यायचं, बाटल्या बर्फाच्या परातीत ठेवायच्या आणि थर्मामीटर बघत राहायचं. डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याचं पाणी या तिन्हींच्या तपमानात फार फरक पडू द्यायचा नाही. कार्यक्रमाच्या मंद उजेडात फिल्म १६०० आयएसओवर वापरली असेल तर डेव्हलपरमधला वेळ जवळजवळ दुप्पट होतो. त्यानं दाणा वाढतो आणि सावल्या काळ्या होतात. रॉकच्या जुन्या फोटोंमधला तो खरखरीत पोत असाच आलेला आहे.

शेवटी धुणं. निळोणा आणि चापडोह आटल्यावर २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळकरांनी पाण्यासाठी काय सोसलं, हे विसरण्यासारखं नाही. तेव्हा नळाखाली अर्धा तास फिल्म धरणं इथं शोभत नाही. इल्फर्डनं सांगितलेली रीत तीन टाकी पाण्यात भागते. पहिल्यांदा टाकी भरून पाच वेळा उलटीसुलटी करायची आणि ओतायची, दुसऱ्यांदा दहा वेळा, तिसऱ्यांदा वीस वेळा. ३५ मिलिमीटरच्या एका रोलला सगळं मिळून एक लिटरच्या आसपास पाणी लागतं.

पाकिटांतला ऐवज

१९५० च्या दशकाच्या शेवटी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. पियानोवर बसायचा तो फारोख बलसारा. त्या मुलांचे फोटो निघाले ते शाळेच्या आठवणी म्हणून. पुढं १९७० साली लंडनमध्ये ‘क्वीन’ उभा राहिला, फारोखचा फ्रेडी मर्क्युरी झाला आणि ते शाळकरी फोटो जगाच्या संगीत-इतिहासात जाऊन बसले. फोटो काढताना त्याची किंमत कुणालाच माहीत नसते. सांभाळणारा मात्र हवा असतो.

यवतमाळ जिल्ह्यातले बंद पडलेले किंवा मोबाईल रिचार्जचं दुकान झालेले स्टुडिओ आठवा. बटर पेपरच्या पाकिटांत, डब्यांत, पत्र्याखालच्या माळ्यावर निगेटिव्ह ठेवलेली. पाकिटावर नंबर, वहीत त्या नंबरापुढं नाव आणि तारीख. ती वही रद्दीत गेली की निगेटिव्ह मुकं होतं. आणि फिल्म स्वतःही म्हातारी होते. अ‍ॅसिटेटची फिल्म उष्ण, दमट जागी कुजायला लागली की शिरक्याचा आंबट वास येतो, ती आक्रसते, थर सुटतो. हा रोग एका निगेटिव्हवरून शेजारच्या निगेटिव्हांवरही पसरतो. आपल्याकडचा ४५ अंशांचा उन्हाळा आणि मागोमाग येणारा पावसाळा हे दोन्ही तिला मारक.

काय करता येईल ते अवघड नाही. माळ्यावरचे डबे खालच्या, थंड खोलीत आणायचे. प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून कागदी पाकिटं द्यायची आणि जुना नंबर नव्या पाकिटावर जसाच्या तसा उतरवायचा. वास येणारी निगेटिव्ह वेगळी ठेवून त्यांचीच प्रत आधी करायची. निगेटिव्ह कडेला धरायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं नाही. प्रत काढायला महागडं यंत्र लागत नाही. प्रकाश देणारी सपाट पाटी, मॅक्रो लेन्सचा डिजिटल कॅमेरा आणि एक स्टँड एवढ्यावर महाविद्यालयातली चार मुलं एका सुट्टीत एका स्टुडिओचा संग्रह उतरवू शकतात. फोटोतल्या कुटुंबांना विचारल्याशिवाय त्यांचे फोटो मात्र कुठं टाकायचे नाहीत. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं म्हणून आपले जुने सिनेमे थोडेफार वाचले. जिल्ह्याच्या फोटोंसाठी तेवढी मोठी संस्था नको, एखाद्या वाचनालयातलं एक कपाट आणि एक जबाबदार माणूस पुरे.

घाई मात्र हवी. ज्यांनी हे रोल धुतले ते कारागीर आज सत्तरी-ऐंशीत आहेत. कोणत्या पाकिटात कोणत्या गावचा ऑर्केस्ट्रा आहे, खंजिरी हातात घेतलेला तो मुलगा कोण, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचं नाव काय, हे त्यांच्याच डोक्यात आहे आणि दुसरीकडे कुठंही लिहिलेलं नाही. ज्या मुलांनी नवा फिल्म कॅमेरा घेतला आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पहिला रोल भरण्याआधी आपल्या गावच्या जुन्या स्टुडिओवाल्याकडे जा. वही-पेन घेऊन बसा, एकेक पाकीट उघडा आणि ते सांगतील ती नावं लिहून घ्या.