‘एर्नो’ काय सांगतो आणि काय सांगत नाही

‘फाइल उघडता आली नाही’ एवढंच छापून एखादा प्रोग्राम बंद पडतो, तेव्हा समोरच्या माणसाच्या हाती काहीच लागत नाही. कोणती फाइल? वाचायला की लिहायला? फाइलच नव्हती, परवानगी नव्हती, की प्रोग्रामने आधीच मर्यादेइतक्या फाइल उघडून ठेवल्या होत्या? या प्रश्नांची उत्तरं त्या क्षणी प्रोग्रामपाशी होती. कारण कर्नलने सांगितलं होतं आणि फाइलचं नाव प्रोग्रामला ठाऊक होतं. दोन्ही वाटेतच सांडलं.

सी भाषेत हे सहज घडतं, कारण तिथे एक्सेप्शन नसतात. सिस्टिम कॉल फसला की लिनक्सचं कर्नल एक ऋण आकडा परत देतं. सीची लायब्ररी त्यातला चुकीचा क्रमांक ‘एर्नो’मध्ये ठेवते आणि प्रोग्रामला उणे एक देते. पुढे तपासायचं की नाही, हे सर्वस्वी लिहिणाऱ्यावर असतं. आणि या एर्नोबद्दलच बरेच गैरसमज रुजलेले आहेत.

गैरसमज १ : एर्नो शून्य नसेल, तर काहीतरी चुकलं आहे.

वस्तुस्थिती : चूक झाली की नाही, हे परत आलेली किंमत सांगते. एर्नो फक्त कारण सांगतो, तेही चूक झाली असेल तरच. यशस्वी कॉल एर्नो पुसून शून्य करत नाही, म्हणून मागच्या चुकीचा आकडा तिथे तसाच पडून असू शकतो. इतकंच नव्हे, तर यशस्वी झालेलं फंक्शनही एर्नो बदलू शकतं. स्टँडर्ड आयओच्या अनेक जुन्या लायब्रऱ्या पहिल्यांदा छापताना आउटपुट टर्मिनलला जोडलेलं आहे का, हे तपासत. ते फाइलकडे वळवलेलं असेल, तर छपाई नीट होई, पण एर्नोत ‘ईनोटीटीवाय’ मागे राही. जुन्या युनिक्सवर भलत्याच ठिकाणी दिसणाऱ्या ‘नॉट अ टाइपरायटर’ या संदेशाचं मूळ बहुधा असं असे.

थोडे अपवाद आहेत. ‘गेटप्रायॉरिटी’चं खरं उत्तरच उणे एक असू शकतं. ‘रीडडिर’ यादी संपली तरी नल देतं आणि चूक झाली तरी नलच देतं. अशा वेळी कॉलच्या आधी एर्नो स्वतः शून्य करायचा आणि नंतर पाहायचा.

गैरसमज २ : एर्नो नंतर सवडीने वाचला तरी चालतो.

वस्तुस्थिती : कॉल फसल्याबरोबर पहिलं काम म्हणजे एर्नो आपल्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घेणं. अनेकजण आधी लॉगमध्ये ओळ लिहितात, उघडलेली दुसरी फाइल बंद करतात आणि मग कारण छापतात. मधल्या प्रत्येक कॉलला एर्नो बदलायची मुभा असते. मग संदेश दिसतो नेटका, पण कारण दुसऱ्याच कॉलचं असतं. असा संदेश काहीच न सांगणाऱ्या संदेशापेक्षा घातक, कारण तो शोध चुकीच्या दिशेने नेतो. सिग्नल हँडलरमध्ये सिस्टिम कॉल करायचे असतील, तर सुरुवातीला एर्नो जपून शेवटी परत ठेवला पाहिजे. नाहीतर मुख्य कोडच्या पायाखालून तो बदलतो.

गैरसमज ३ : एर्नो ग्लोबल असल्यामुळे थ्रेड एकमेकांचा एर्नो बिघडवतात.

वस्तुस्थिती : आज प्रत्येक थ्रेडचा एर्नो स्वतंत्र असतो. ग्लिबसीमध्ये तो साधं व्हेरिएबल नसून मॅक्रो आहे आणि तो चालू थ्रेडच्या जागेचा पत्ता मिळवतो. म्हणूनच ‘एक्स्टर्न इंट’ लिहून एर्नो स्वतः जाहीर करू नये, त्याची हेडर फाइल घ्यावी.

थ्रेडच्या बाबतीत खरी चूक वेगळीच होते. ‘पीथ्रेड क्रिएट’ आणि त्याच्या कुटुंबातली फंक्शनं चुकीचा क्रमांक थेट परत देतात, एर्नोत ठेवत नाहीत. त्यांच्यानंतर ‘पीएरर’ बोलावलं, तर ‘सक्सेस’ किंवा कुठलं तरी शिळं कारण छापलं जातं. ‘गेटअ‍ॅड्रइन्फो’चे आकडे तर निराळेच आणि त्यांचा अर्थ लावणारं फंक्शनही वेगळं, ‘जीएआय स्ट्रएरर’. कोणत्या कॉलची चूक कुठे मिळते, हे प्रत्येक मॅन्युअल पानावर लिहिलेलं असतं.

गैरसमज ४ : पीएरर लिहिलं की संदेश पूर्ण झाला.

वस्तुस्थिती : ‘ओपन: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ यात कारण आहे, पण फाइल कुठली ते नाही. चांगल्या संदेशात तीन गोष्टी हव्यात: काय करत होतो, कशावर करत होतो आणि का जमलं नाही. ‘सेटिंगची फाइल /ईटीसी/हिशेब.कॉन्फ वाचायला उघडता आली नाही: परवानगी नाकारली’ हे वाचणारा माणूस लगेच कामाला लागू शकतो. हा मजकूर स्टँडर्ड एररवर जावा आणि प्रोग्रामने शून्याऐवजी दुसरा एक्झिट कोड द्यावा, म्हणजे शेल स्क्रिप्टलाही चूक कळते.

नुसता आकडा छापणंही अपुरं. ११ म्हणजे लिनक्सवर ‘ईअगेन’. मॅकओएसवर त्याच ‘ईअगेन’चा आकडा ३५ आहे. आकड्याचं वाक्य करणारं ‘स्ट्रएरर’ थ्रेडसाठी सुरक्षित असेलच, याची हमी सी भाषा देत नाही; ग्लिबसीने ती २०२० साली आवृत्ती २.३२ मध्ये दिली. त्याच आवृत्तीत चुकीचं सांकेतिक नाव देणारं फंक्शनही आलं. लॉगमध्ये ते नाव जरूर असावं, कारण वाक्य लोकेलप्रमाणे बदलतं, नाव बदलत नाही.

गैरसमज ५ : कारणाचं वाक्य शब्दशः खरं मानावं.

वस्तुस्थिती : एकच आकडा अनेक परिस्थितींसाठी वापरला जातो. स्क्रिप्ट डोळ्यांसमोर असूनही चालवताना ‘ईनोएंट’ येतो, म्हणजे फाइल नाही. नसतो तो स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत नेमलेला इंटरप्रिटर. विंडोजवर जतन केलेल्या फाइलमध्ये त्या ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा अक्षर राहतं, त्यामुळेही असं होतं. ‘ईनोस्पेस’ आला म्हणून डिस्क पाहावी, तर जागा भरपूर असते. संपलेले असतात आयनोड, किंवा आयनोटिफायच्या वॉचची मर्यादा. ‘ईअ‍ॅक्सेस’ आला आणि फाइलची परवानगी ठीक असली, तर मार्गातल्या प्रत्येक डिरेक्टरीची प्रवेशाची परवानगी तपासावी. हे सगळं प्रोग्रामला कळणार नाही, पण कॉल आणि पूर्ण मार्ग छापला, तर वाचणाऱ्याला तिथवर पोचता येतं.

गैरसमज ६ : उणे एक आला की थांबायचं, नाही आला की सगळं ठीक.

वस्तुस्थिती : दोन्ही अर्धसत्य आहेत. ‘ईइंटर’ म्हणजे सिग्नल आल्यामुळे कॉल मधेच सुटला; ‘रीड’ किंवा ‘राइट’ असेल तर सहसा पुन्हा करायचा. ‘ईअगेन’ म्हणजे आत्ता तयारी नाही, थोडं थांबा. पण हाच नियम ‘क्लोज’ला लावू नये. लिनक्सवर ‘ईइंटर’ आला तरी डिस्क्रिप्टर सुटलेला असतो. पुन्हा बंद करायला गेलं, तर तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने त्याच क्रमांकावर उघडलेली फाइल बंद होऊ शकते.

उलट ‘राइट’ने मागितल्यापेक्षा कमी बाइट लिहिले, तर ती चूक नसते आणि एर्नोही बसत नाही. उरलेले बाइट लिहिण्याची जबाबदारी आपली.

गैरसमज ७ : राइट यशस्वी म्हणजे माहिती डिस्कवर पोचली.

वस्तुस्थिती : ती बहुधा कर्नलच्या मेमरीत पोचलेली असते. डिस्कवर लिहिताना आलेली चूक नंतर ‘एफसिंक’मध्ये दिसते, एनएफएससारख्या ठिकाणी कधी ‘क्लोज’मध्येही. म्हणून दोन्हींची परत आलेली किंमत पाहायलाच हवी.

हा धडा पोस्टग्रेएसक्यूएलसारख्या मुरलेल्या डेटाबेसलाही २०१८ मध्ये नव्याने शिकावा लागला. एफसिंक फसलं तर पुन्हा करून पाहायचं, अशी त्याची रीत होती. पण लिनक्सवर एकदा चूक कळवली, की न लिहिलेली पानं लिहिल्यासारखी धरली जाऊ शकत. दुसरा प्रयत्न यशस्वी दिसे आणि माहिती मात्र गेलेली असे. २०१९ च्या आवृत्त्यांपासून हा डेटाबेस अशा वेळी स्वतःला थांबवतो आणि आपल्या लॉगवरून सावरतो.

तपासून पाहा

चुकीच्या वाटा रोजच्या वापरात क्वचितच चालल्या जातात, म्हणून त्या मुद्दाम चालवाव्या लागतात. लिनक्सवर /डेव्ह/फुल नावाची फाइल असते. तिच्यात काहीही लिहिलं तरी ‘ईनोस्पेस’ येतो. आपल्या प्रोग्रामचं आउटपुट तिकडे वळवा. ‘प्रिंटएफ’ मजकूर बफरमध्ये ठेवतं, त्यामुळे चूक बहुधा ‘एफफ्लश’ किंवा ‘एफक्लोज’मध्ये उघड होते. प्रोग्राम गुपचूप शून्य देऊन संपला, तर तो वापरकर्त्याशी खोटं बोलतो आहे. ‘एसट्रेस’मध्ये तर हवा तो कॉल हव्या त्या चुकीने पाडण्याची सोय आहे. एकेक कॉल असा पाडा आणि छापून आलेली ओळ कोड न पाहिलेल्या सहकाऱ्याला वाचायला द्या. आता काय करायचं, हे त्याला विचारावं लागलं, तर ती ओळ पुन्हा लिहा.