सतनामाच्या दारी मिशन

मिशनने अस्पृश्यांना धर्म दिला, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. जणू त्याआधी त्यांच्यापाशी काही नव्हतेच! मला हे मान्य नाही. छत्तीसगडचे उदाहरण घ्या.

नागपूरकर भोसल्यांच्या अमलात तिथे घासीदासांनी सतनाम पंथ उभा केला. अनुयायी बहुतांशी चांभार. मूर्तिपूजा नाही, मद्यमांस नाही, ब्राह्मण पुरोहित नाही. पुत्र बालकदासांच्या काळात सतनामींनी जानवेही घातले. सवर्णांचा मक्ताच त्यांनी मोडला. १८६० साली बालकदासांचा खून झाला.

१८६८ मध्ये ऑस्कर लोर हा जर्मन मिशनरी आला. मूर्ती न मानणारे हे लोक पाहून त्याला वाटले, अख्खा समाज ख्रिस्ताकडे येईल. भंडारला गुरूंच्या गादीपाशी त्याचे मानाने स्वागतही झाले. पण पहिल्या बाप्तिस्म्याबरोबर जानवी उतरली आणि बाकीचे दुरावले. जानवे ही मुळात विषमतेचीच खूण, हे मलाही पटते. परंतु लोरने जिला अंधश्रद्धा मानले, तो सतनामींच्या लेखी झगडून मिळवलेला मान होता.

पुढे बिश्रामपूरच्या मिशनच्या गावात काही कुटुंबे ख्रिस्ती झाली. जमीन, शाळा, दवाखाना यांची ओढ होती. त्यात लाजण्यासारखे काय आहे? मात्र येताना त्यांनी घासीदासही सोबत आणले. टोपीवाला साहेब येईल असे गुरूंनीच सांगितले होते, अशी कथा त्यांच्यात रूढ झाली.

म्हणून म्हणतो, धर्मांतर म्हणजे कोऱ्या पाटीवरचे लेखन नव्हे. तिच्यावर आपल्याच माणसांचे अक्षर असते. ते आधी वाचले पाहिजे.