मे महिन्यात ट्यून केलेली आरएक्स १०० डिसेंबरात का जाम होते?

बोलताना आकडे पटकन निघून जातात, म्हणून हा भाग इथे लिहून देतोय. जेट बदलायला बसाल तेव्हा मोबाईल शेजारी ठेवा.

मसल कार म्हणजे काय? साध्या गाडीच्या अंगात दांडगं इंजिन. अमेरिकेत १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून त्याची क्रेझ आली. आपल्याकडे कॉन्टेसा दिसायला तशी होती, पण सुरुवातीला तिच्यात इंजिन ॲम्बेसेडरचं. अंग पहिलवानाचं आणि दम कारकुनाचा! खानदेशात तो मान खरा मिळाला यामाहा आरएक्स १०० ला. १९८५ ते १९९६, ९८ सीसी, ११ बीएचपी, वजन १०० किलोच्या आसपास. आज धुळ्यात किंवा जळगावात चांगली आरएक्स निघाली की विकणारा सांगेल ती किंमत. आणि घेतल्यावर वर्षाच्या आत गॅरेजवाला विचारतो, "काय भो, पुन्हा पिस्टन चिकटला का?"

सगळे दोष उन्हाला देतात. ऊन आहेच. भुसावळ-जळगावच्या ४४-४५ अंशांत हवेवर थंड होणारं इंजिन तापणारच. पिस्टन ॲल्युमिनियमचा, बाहेरचा स्लीव्ह बिडाचा. तापल्यावर पिस्टन जास्त फुगतो, मधली फट संपते आणि तो घासून अडकतो. पण गंमत ऐका. गरम हवा पातळ असते. तेवढ्याच जेटमधून पेट्रोल तेवढंच येतं, हवा मात्र कमी, म्हणजे मिश्रण थोडं घट्ट होतं. मग मे महिन्यात गाडी भसाभस धूर सोडते, जड वाटते, आणि आपण मेन जेट एक नंबर लहान टाकतो. गाडी पळायला लागते, आपण खूश.

आता डिसेंबर. सकाळी पारा १० अंशांवर. ४४ अंशांच्या मानाने ही हवा साधारण १२ टक्के दाट आहे. जेट मात्र तोच, मे महिन्यातला. हवा जास्त, पेट्रोल कमी. पेट्रोल कमी पडलं की जळण जास्त तापतं, आणि ऑइल पंप काढलेल्या गाडीत ऑइलही पेट्रोलसोबतच येतं. पारोळा-एरंडोलच्या सरळ चौपदरी रस्त्यावर वीस मिनिटं फुल ॲक्सिलरेटर दिला की काम तमाम.

त्यात पंपावर आता ई-२० पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला जळायला १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. म्हणजे जुन्या जेटवर ई-२० टाकलं तर मिश्रण साधारण ७ टक्के पातळ होतं. नव्या गाडीत सेन्सर ते सावरतो. आपल्या मिकुनी कार्बोरेटरला कोण सांगणार? तुम्हीच. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून दोन महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करा.

जेट बसवताना नियम एकच: आधी मोठा, मग एकेक नंबर खाली. उलटं कधीच नाही. नवा प्लग लावा, मोकळ्या बंद जागेत फुल ॲक्सिलरेटरवर पळवा, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करा आणि प्लग काढून बघा. बिस्किटाचा रंग आला तर ठीक. पांढरा असेल तर पळवणं थांबवा. काळा ओला असेल तर एक नंबर उतरा.

जेट बरोबर असूनही प्लग पांढरा येतो? मग कुठून तरी फालतू हवा शिरतेय. कार्बोरेटरचं रबर बघा, मॅग्नेट साइडचं ऑइल सील बघा. ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन आपोआप वर चढत राहिलं, तर समजा तेच आहे. क्लच साइडचं सील गेलं तर उलट गिअर ऑइल आत ओढलं जातं आणि पांढरा धूर निघतो.

ऑइल पंप काढून टाकायची फॅशन मला पटत नाही. पण काढलाच असेल तर मापून मिसळा. लिटरला ४० मिली म्हणजे २५ ला १. "अजून थोडं टाक, सेफ राहील" हे चूक, कारण ऑइल वाढलं की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं, मिश्रण आणखी पातळ. आणि अशी गाडी लळिंग घाट उतरताना गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर पूर्ण बंद करून सोडू नका. इंजिन जोरात फिरतंय, पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. मधून मधून हलका ॲक्सिलरेटर द्या.

आता रेसिंग. पोर्ट कापणं, एक्स्पान्शन चेंबर, सगळं करता येतं, पण ती गाडी मग रोजची राहत नाही. हायवेवर शर्यत लावली तर कलम १८९: पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. समोरून उसाची ट्रॉली आली तर तो हिशोब वेगळाच. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धेत टू-स्ट्रोकसाठी १३० सीसीपर्यंतचा वेगळा गट असतो. लोणावळ्याकडे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरही ड्रॅग झाल्यात.

शेवटचा प्रश्न, जो सारखा येतो: "दादा, आरएक्सला व्हिंटेज नंबर मिळेल का?" नाही. २०२१ च्या नियमानुसार त्यासाठी गाडी ५० वर्षांची लागते. १९८५ ची असेल तरी २०३५ उजाडेल. तोवर दर ५ वर्षांनी आरटीओत आरसी नूतनीकरण, आणि त्यासाठी तपासणीला गाडी मूळ सायलेन्सरवर न्या.