विश्लेषण : एका कमांडने शेकडो फाइलींची नावे कशी बदलतात? त्यात फोटो गायब का होतात?

लग्नातल्या हजारभर फोटोंना हाताने नावे द्यायची तर अख्खा दिवस जातो. शेल स्क्रिप्ट हेच काम काही सेकंदांत उरकते. मात्र तेवढ्याच वेळात फोटो कायमचे पुसलेही जाऊ शकतात. हे कसे घडते आणि कसे टाळायचे?

शेल स्क्रिप्ट म्हणजे काय?

टर्मिनलमध्ये टाइप केलेली कमांड समजून घेऊन ती राबवणारा प्रोग्राम म्हणजे शेल. लिनक्सवर तो बहुतेकदा ‘बॅश’ असतो, तर मॅकवर २०१९ पासून ‘झेडएसएच’. अशा कमांड ओळीने लिहून ठेवलेली फाइल म्हणजे शेल स्क्रिप्ट. त्यातला ‘फॉर’ लूप फोल्डरमधली एकेक फाइल उचलतो आणि ‘एमव्ही’ ही कमांड तिला नवे नाव देते.

धोका कुठे?

समजा, स्क्रिप्टने प्रत्येक फोटोला फक्त तारखेचे नाव दिले. एकाच दिवशी ३०० फोटो काढले असतील, तर सगळ्यांचे नाव एकच होईल. अशा वेळी ‘एमव्ही’ सहसा काहीही न विचारता आधीच्या फाइलच्या जागी नवी फाइल ठेवते. शेवटी उरतो एकच फोटो. बाकीचे २९९ ट्रॅशमध्येही सापडत नाहीत.

काय काळजी घ्याल?

• आधी फोल्डरची प्रत काढून ठेवा.

• ‘एमव्ही’च्या आधी ‘एको’ लिहून स्क्रिप्ट चालवा. नावे बदलणार नाहीत, फक्त जुन्या-नव्या नावांची यादी दिसेल. एकच नवे नाव दोनदा दिसले, तर तिथेच थांबा.

• ‘एमव्ही’ला ‘उणे एन’ हा पर्याय जोडा. त्या नावाची फाइल आधीच असेल, तर तिला धक्का लागत नाही.

• बॅशमध्ये फाइलच्या नावाचा व्हेरिएबल दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवा. नाहीतर ‘हळद समारंभ’ या नावाचे शेल दोन तुकडे करतो.

नवे नाव कसे असावे?

तारखेत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी क्रमांक. क्रमांक ००१ पासून द्या. नाहीतर टर्मिनलमधल्या यादीत १ नंतर थेट १० येतो.

विंडोजवर काय?

पॉवरशेलमधली ‘रीनेम-आयटम’ कमांड त्या नावाची फाइल आधीच असल्यास एरर देते. ‘व्हॉटइफ’ जोडल्यास बदल आधी पाहताही येतात. लिनक्स आणि मॅकवर मात्र ही खबरदारी आपली आपणच घ्यावी लागते.