गिंपची स्थापना आणि गिंपची वंशावळ

डेबियन कुळातील लिनक्स संगणकावर गिंप हे छायाचित्र-संपादनाचे सॉफ्टवेअर बसवण्याची आज्ञा दिली, की पडद्यावर आधी नावांची एक लांबलचक यादी उमटते. जीटीके, गेगल, बॅबल, पँगो, लिटल सीएमएस, लिबटिफ, लिबमायपेंट आणि अशीच आणखी कितीतरी. विंडोजवर हात बसलेला माणूस इथे बिचकतो. मागितली एक वस्तू, आणि संगणक मात्र अनेक अनोळखी वस्तू आणण्याची परवानगी मागतो आहे, असे त्याला वाटते. ती यादी सावकाश वाचावी. गिंप कोठे जन्मले, कोणी वाढवले आणि कोणाकोणाच्या श्रमावर उभे राहिले, ते सारे तिच्यात लिहिलेले असते. अनोळखी संगणकावर ते बसवण्याची रीतही या वंशावळीतूनच नीट उलगडते.

अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी 1995 मध्ये अभ्यासक्रमातील प्रकल्प म्हणून हे काम हाती घेतले. युनिक्स संगणकांवर मुक्तपणे वापरता येईल असा समर्थ चित्रसंपादक तोवर नव्हता. 1996 च्या आरंभी त्याची 0.54 ही आवृत्ती लोकांसमोर आली. त्याच वर्षी लॅरी युइंग यांनी लिनक्सचे बोधचिन्ह असलेला टक्स हा पेंग्विन चितारला, तो गिंपमध्येच. पुढच्या वर्षी रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाशी नाते जुळले आणि नावातील पहिल्या अक्षराचा अर्थ बदलला. आरंभी ते ‘जनरल’चे आद्याक्षर होते, ते आता ‘ग्नू’चे झाले. मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी आणि बदललेली पुढे वाटताना तोच अधिकार पुढच्याला द्यावा, ही ग्नूच्या परवान्याची अट गिंपलाही लागू आहे.

यादीतील जीटीके या नावाची कथा सर्वांत विलक्षण आहे. खिडक्या, बटणे आणि मेनू पडद्यावर रेखण्यासाठी पहिल्या गिंपने मोटिफ नावाचा तयार साधनसंच घेतला होता. मोटिफला व्यापारी परवाना लागे. मॅटिस त्याला कंटाळले आणि त्यांनी स्वतःचा संच लिहायला घेतला. ‘गिंप टूलकिट’ या नावाचे संक्षिप्त रूप म्हणजे जीटीके. 1997 मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेडेरिको मेना यांनी जीनोम हा मुक्त कार्यपट उभारण्याचा संकल्प केला, तेव्हा त्याचा पाया म्हणून त्यांनी हाच संच निवडला. एका चित्रसंपादकाच्या गरजेपोटी घडलेले अवजार असे लक्षावधी संगणकांच्या संपूर्ण दर्शनी रूपाचा आधार झाले. माझ्या मते मुक्तस्रोत चळवळीचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. जीटीके पुढे वेगाने बदलत गेले. त्याची तिसरी पिढी 2011 मध्ये आणि चौथी 2020 च्या अखेरीस आली. ज्याच्यासाठी ते जन्मले ते गिंप मात्र दुसऱ्या पिढीवरच थांबले होते. मोजक्या स्वयंसेवकांना इतकी मोठी इमारत एका पायावरून दुसऱ्या पायावर हलवायला वर्षे लागली आणि मार्च 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 3.0 या आवृत्तीत गिंप तिसऱ्या जीटीकेवर आले. म्हणून 2.10 ही जुनी आवृत्ती आजच्या संगणकावर बसवताना, पडद्यावर सर्वत्र जीटीके वावरत असूनही, त्याची जुनी पिढी वेगळी आणावी लागू शकते.

इतर नावांची ओळख थोडक्यात देता येईल. गेगल हे रंगबिंदूंवर प्रत्यक्ष गणित करणारे यंत्र आहे. 2018 च्या 2.10 आवृत्तीत सारे गिंप त्यावर उभे राहिले आणि प्रत्येक रंगासाठी 8 बिटांऐवजी 32 बिटांपर्यंतच्या अचूकतेने काम करणे शक्य झाले. सावलीचा भाग उजळताना आकाशात पट्टे पडण्याचा दोष त्यामुळे फार कमी झाला. बॅबल एका रंगरूपातून दुसऱ्या रंगरूपात भाषांतर करते, लिटल सीएमएस पडद्याच्या आणि छपाईच्या रंगांचा मेळ घालते, लिबमायपेंट कुंचल्यांचे फटकारे पुरवते.

पँगो आणि त्याच्या जोडीचे हार्फबझ यांच्याविषयी मराठी वाचकाने थोडे अधिक जाणून घेतले पाहिजे. ‘कि’ लिहिताना आपण आधी ‘क’ देतो आणि मग ऱ्हस्व वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी अक्षराच्या आधी उभी राहावी लागते. ‘र्म’मधील रफार, ‘ष्ट्य’मधील जोडणी, ‘ऱ्या’मधील अर्धा र, ही सारी जुळणी ही दोघे करतात. चित्रावर शुद्ध देवनागरी मजकूर उमटतो तो त्यांच्यामुळे. ही जोडी केवळ गिंपची चाकर नाही. त्याच संगणकावरील इतर अनेक सॉफ्टवेअरही तिच्याकडूनच अक्षरे मांडून घेतात. म्हणून ती बहुधा आधीच हजर असते आणि स्थापनेच्या वेळी पुन्हा आणावी लागत नाही.

सॉफ्टवेअर बसवण्याच्या पद्धतींचा मुख्य भेदही इथेच आहे. विंडोजची पद्धत बिऱ्हाड घेऊन येणाऱ्या पाहुण्यासारखी. गिंपची एकच इन्स्टॉलर फाइल उतरवली, की तिच्यात जीटीके, गेगल, पँगो हे सारे बांधलेले असते, कारण यजमानाच्या घरी ते नसते. मॅकवरही तसेच. तिथे इंटेलच्या आणि ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरसाठी फाइली वेगळ्या असतात, एवढे लक्षात ठेवायचे. लिनक्सची परंपरा सामाईक भांडाराची आहे. प्रत्येक लायब्ररी एकदाच ठेवली जाते आणि सर्व सॉफ्टवेअर ती मिळून वापरतात. कोणाला कशाची गरज आहे, याची नोंद प्रत्येक पॅकेजच्या आत असते. डेबियन कुळात एपीटी, फेडोराच्या कुळात डीएनएफ आणि आर्चच्या कुळात पॅकमन हे त्या नोंदी वाचणारे व्यवस्थापक आहेत. 2016 मध्ये नाव मिळालेले फ्लॅटपॅक आणि एकाच फाइलीत सामावलेले ॲपइमेज हे नवे प्रकार विंडोजच्या रीतीजवळ जातात. त्यांत अवलंबित घटक बरोबर येतात, जागा अधिक लागते आणि बदल्यात संगणकाची आवृत्ती जुनी असली तरी सॉफ्टवेअर ताजे मिळते. मूळ संहिता स्वतः कंपाइल करण्याचा मार्गही खुला आहे, पण नवख्याने त्या वाटेने जाण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष स्थापनेपूर्वी यंत्राची ओळख करून घ्यावी. कोणत्या कुळातील प्रणाली आहे, तिची आवृत्ती कोणती, प्रोसेसर 32 बिटांचा की 64 बिटांचा, हे ‘सेटिंग्ज’मधील माहितीच्या पानावर सापडते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेची ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे, तेव्हा डेबियनची रीत तिथेही चालते. जुन्या 32 बिटी संगणकासाठी 2023 ची डेबियन 12 जपून ठेवण्यासारखी आहे, कारण 2025 च्या डेबियन 13 पासून अशा यंत्रांवर नव्याने प्रणाली बसवण्याची सोय उरलेली नाही.

मग टर्मिनल उघडावे. पहिली आज्ञा एपीटीला भांडाराची ताजी सूची आणायला सांगते आणि दुसरी गिंप बसवायला. दोन्हींच्या आधी ‘सुडो’ हा शब्द जोडावा लागतो. संगणकाच्या सामाईक भागात लिहिण्याचा अधिकार तेवढ्यापुरता मागण्याची ही रीत आहे. इथे परवलीचा शब्द विचारला जातो आणि टाइप करताना पडद्यावर बहुधा काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कळफलक बंद पडला असे समजून अनेक जण या ठिकाणी थांबतात. मागे उभ्या असलेल्याला शब्दाची लांबीही कळू नये म्हणून तो तसा लपवलेला असतो. निश्चिंतपणे टाइप करून एंटर दाबावे. त्यानंतर ती नावांची यादी येते, किती जागा लागेल ते सांगितले जाते आणि संमती विचारली जाते. टर्मिनल नकोसे वाटत असेल, तर बहुतेक प्रणालींत सॉफ्टवेअर-केंद्राची खिडकी असते. तिथेही हेच घडते, फक्त यादी दिसत नाही. एकदा तरी टर्मिनलमधून ती पाहावी असे मी आग्रहाने सांगेन.

बसवलेले सॉफ्टवेअर गेले कुठे, हा पुढचा प्रश्न. इथे सी किंवा डी अशी अक्षरांची ड्राइव्ह नसतात. सगळे एकाच मुळापासून फुटलेल्या फांद्यांवर असते. गिंपचा चालणारा भाग एका फांदीवर, लायब्ररी दुसऱ्या आणि चिन्हे व कुंचले तिसऱ्या फांदीवर ठेवले जातात. वापरणाऱ्याची वैयक्तिक मांडणी मात्र त्याच्या घरच्या फोल्डरमध्ये, एका लपलेल्या उपफोल्डरात राहते. म्हणून एकाच संगणकावर दोघांची गिंप वेगवेगळ्या रूपात उघडू शकतात.

भांडारातील आवृत्ती जुनी का, याचेही उत्तर द्यायला हवे. डेबियनची स्थिर आवृत्ती एकदा जाहीर झाली, की तिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, नवी वैशिष्ट्ये सहसा येत नाहीत. त्यामुळे डेबियन 12 च्या भांडारात गिंप 2.10 च मिळते. 3.0 हवे असल्यास फ्लॅटपॅक घ्यावे. एक सावधगिरी मात्र बाळगावी. 2.10 साठी पायथनच्या दुसऱ्या पिढीत लिहिलेले प्लगिन 3.0 मध्ये चालत नाहीत. ज्यांचे रोजचे काम अशा प्लगिनांवर अवलंबून आहे, त्यांनी घाई करू नये.

सॉफ्टवेअर कुठून घेतले, हेही तितकेच महत्त्वाचे. 2013 मध्ये गिंपच्या कार्यकर्त्यांनी विंडोजचा इन्स्टॉलर आधीच्या जागेवरून हलवला. तिथल्या फसव्या ‘डाउनलोड’ जाहिरातींमुळे लोक भलतेच काही उतरवून घेत होते. आता प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर प्रत्येक फाइलीशेजारी तिचा चेकसम दिलेला असतो. फाइलीतील एखादे अक्षर जरी बदलले तरी तो आकडा पूर्ण बदलतो. लिनक्सच्या भांडारात ही पडताळणी डिजिटल स्वाक्षरीच्या आधारे आपोआप होते आणि मला ती त्या पद्धतीची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

स्थापना झाल्यावर दोन-तीन गोष्टी करून ठेवाव्यात. देवनागरीसाठी लोहित किंवा मुंबईच्या एक टाइपने घडवलेला मुक्ता असा युनिकोड टंक बसवावा आणि गिंपमधील टंकसूची ताजी करावी. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला जुना मराठी मजकूर इथे रोमन अक्षरांच्या गोंधळासारखा दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. कॅमेऱ्यातील रॉ फाइल गिंप स्वतः उघडत नाही. ती डार्कटेबल किंवा रॉथेरपी या भावंडांच्या हाती देते, तेव्हा त्यांपैकी एकाची स्थापनाही करावी. ऑफसेट छपाईला लागणाऱ्या चार रंगांत जेपेग किंवा टिफ फाइल काढण्याची सोय 3.0 मध्ये आहे. शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाचे पाठ उपयोगी पडतात.

पहिले छायाचित्र उघडावे, त्यावर एखादा स्तर चढवावा आणि काम जतन करावे. गिंप त्या फाइलीच्या नावापुढे एक्ससीएफ अशी तीन अक्षरे जोडते. ती बर्कलीतील ‘एक्सपेरिमेंटल कम्प्युटिंग फॅसिलिटी’ची आहेत. किंबल आणि मॅटिस याच विद्यार्थी-संघाचे सदस्य होते.