आवाजाचं घर

मंचरला पुणे-नाशिक रस्त्यावरच्या एखाद्या चहाच्या टपरीपाशी संध्याकाळी उभं राहिलं, की काही गाड्या दिसण्याआधीच कळतात. आधी टपरीवरचे काचेचे ग्लास किणकिणतात, मग छातीत धपधप होतं आणि मग गाडी येते. गाणं कोणतं ते कळत नाही. डिकीचं झाकण आणि नंबरप्लेट तेवढी खडखडताना ऐकू येते.

अशीच एक गाडी माझ्या भाच्याची. तो ती भाड्यानं चालवतो. साठवलेल्या पैशांतून त्यानं बारा इंची सबवूफर, म्हणजे केवळ खर्जातले सूर वाजवणारा मोठा स्पीकर, तयार पेटीसकट डिकीत बसवून घेतला. महिन्याभरानं म्हणाला, "मामू, आवाज नुसता घुमतोय, मजा येत नाही. आणखी मोठा अॅम्प्लिफायर घ्यावा म्हणतो." आणि जाता जाता म्हणाला, "रात्री अंथरुणाला पाठ टेकली की कानात रातकिडे ओरडतात."

पहिल्या वाक्याला मी हसलो होतो, दुसऱ्यानं मात्र धसका घेतला. त्याला आधी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मग शेजारच्या सुतारमित्राला बोलावून ती पेटी खोलली. दोष अॅम्प्लिफायरचा नव्हताच, पेटीचा होता.

स्पीकरला मुळात पेटी लागते कशाला? स्पीकरचा पडदा पुढे गेला की त्याच्या पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे एकाच पडद्यातून दोन आवाज निघतात, एक पुढचा, एक मागचा, आणि दोघे एकमेकांच्या उलट. खर्जाच्या लहरी लांबलचक असतात. सेकंदाला 40 कंपनं असलेल्या सुराची एक लहर सुमारे साडेआठ मीटर लांब! अशी लहर स्पीकरच्या कडेला सहज वळसा घालते. पुढचा आणि मागचा आवाज भेटतात आणि एकमेकांना पुसून टाकतात. म्हणून उघडा स्पीकर हातात धरून वाजवला तर चिरका वाजतो. पेटीचं पहिलं काम या दोघांची ताटातूट करणं.

आता कुणी म्हणेल, आपल्या वाद्यांनाही पेटी असतेच की! खरं आहे. मंचरहून नाशिककडे निघालं की तमाशाची पंढरी नारायणगाव लागतं. तिथल्या फडांची ढोलकी म्हणजे दोन कातड्यांच्या मध्ये कोंडलेली हवाच. मिरजेच्या कारागिरांचा तंबोरा घ्या. 2024 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा भोपळा मंगळवेढा, पंढरपूरकडच्या शेतांतून येतो. पण इथं एक फरक आहे, आणि तो विसरला की डिकीतली पेटी बिघडते. तंबोऱ्याच्या भोपळ्यानं तारेबरोबर बोलायचं असतं. सबवूफरच्या पेटीनं गप्प बसायचं असतं. तिची फळी थरथरली की ती गाण्यात स्वतःचा सूर मिसळते. भाच्याची पेटी पातळ प्लायवूडची होती, ती सारखी मध्येमध्ये बोलत होती.

पेट्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिली पूर्ण बंद पेटी. तिच्यात कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी पडद्याला मागे खेचते. या हवेच्या स्प्रिंगचा नेमका उपयोग अमेरिकेतल्या एडगर विलचर यांनी 1954 साली केला आणि लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. हिचा आवाज आटोपशीर आणि स्वच्छ असतो. दुसरी नळीची पेटी. सुरईच्या तोंडावर फुंकर घाला, 'हूं' असा सूर निघतो. सुरईत पाणी भरत गेलात की तो चढत जातो. पोकळीचं माप आणि तोंडाचं माप मिळून सूर ठरतो, हे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात गणितानं मांडलं. नळीची पेटी याच तत्त्वावर पडद्यामागचा आवाजही कामाला लावते. त्यामुळे ती जास्त मोठ्यानं वाजते, पण जागा जास्त खाते आणि नळीचं माप चुकलं तर काम बिघडवते. शिवाय ज्या सुरावर ती बांधलेली असते, त्याच्या बऱ्याच खाली गेलं की पडद्याला आवर राहत नाही, तो फाटू शकतो. नवशिक्यानं बंद पेटीच करावी.

किती मोठी करावी, हे स्पीकर सांगतो. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी ऑस्ट्रेलियात 1960 आणि 70च्या दशकांत जी सूत्रं मांडली, त्यांवरून कंपन्या स्पीकरच्या माहितीपत्रकावर पेटीचं माप लिटरमध्ये देतात. पेटी फार लहान झाली तर ती एकाच सुरावर घुमते आणि खरा खोल खर्ज हरवतो. भाच्याचं दुखणं नेमकं हेच होतं.

त्याच्या स्पीकरला साधारण 28 लिटर हवा हवी होती. आम्ही आतलं माप घेतलं: रुंदी 45 सेंटिमीटर, उंची 35. मागच्या सीटची पाठ तिरकी असते, म्हणून खोली खाली 24 आणि वर 16, सरासरी 20. गुणाकार 31,500 घन सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस लिटर. त्यातून स्पीकरच्या बुडाची आणि आतल्या आधाराच्या पट्टीची जागा वजा केली, हिशेब जमला.

फळी 18 मिलिमीटर जाडीची एमडीएफ घेतली. जोडाला फेव्हिकॉल, चार-पाच इंचांवर स्क्रू, समोरासमोरच्या फळ्यांना मधे पट्टीचा आधार. आतून प्रत्येक कोपऱ्याला सिलिकॉन भरून एक दिवस वाळू दिलं. मग सुतारमित्रानं त्याची परीक्षा सांगितली: खर्ज वाजत असताना उदबत्ती जोडांवरून फिरवायची. धूर कुठं थरथरला तर तिथं फट आहे. एका कोपऱ्यात वायरच्या भोकापाशी तो थरथरलाच!

पेटी डिकीत पट्ट्यांनी घट्ट आवळायची. पंधरा किलोच्या पुढचं हे ओझं जोराचा ब्रेक लागला तर सीटवर येऊन आदळतं. आणि वायर! 300 वॉटचा अॅम्प्लिफायर बारा व्होल्टच्या बॅटरीतून भर आवाजात तीसेक अँपिअर ओढतो, म्हणजे पाच-सहा हेडलाइटइतका भार. वायर तेवढी जाड हवी, पत्र्यातून जाते तिथं रबरी बूच हवं आणि फ्यूज बॅटरीला अगदी लागून हवा. फ्यूज डिकीत बसवला, तर बॅटरीपासून तिथवरची वायर घासून पत्र्याला टेकताच गाडी पेट घेऊ शकते.

आता त्या मोठ्या अॅम्प्लिफायरची गोष्ट. वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त तीन डेसिबलनं, कानाला जेमतेम जाणवेल एवढाच. दुप्पट मोठा वाटायला दहापट वॉट लागतात. म्हणजे पेटीतली चूक पैशानं भरून निघत नाही. कानाचा हिशेब मात्र उलटा चालतो. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालेल, असं तज्ज्ञ मानतात. वरच्या प्रत्येक तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. रातकिडे ही त्यांची सूचना असते. आणि शेजाऱ्यांचंही आहेच. बारीक सूर भिंत अडवते, खर्ज तिच्यातून पार होतो आणि दुसऱ्याच्या उशापर्यंत पोचतो.

नवी पेटी बसवल्यावर आम्ही काचा बंद करून नारायणगावपर्यंत गेलो. जुनाच स्पीकर, जुनाच अॅम्प्लिफायर. आवाजाचं बटण आधी असायचं त्याच्या निम्म्यावरही नव्हतं. गाण्यातला ढोलकीचा धुमा वेगळा ऐकू येत होता, आणि मी बोललेलंही भाच्याला ऐकू येत होतं. परतताना तो म्हणाला, "मामू, अॅम्प्लिफायरचे पैसे वाचले." मी विचारलं, "आणि रातकिडे?" तो म्हणाला, "कमी झालेत. पण अजून आहेत."

ते पूर्ण जातील की नाही, हे डॉक्टरांनीही सांगितलेलं नाही. म्हणून ज्यांच्या कानात अजून रातकिडे आलेले नाहीत, त्यांना एवढंच सांगणं: आवाज वाढवण्याआधी त्याचं घर नीट बांधा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)